लडलो एका दिवसात: इंग्लंडमधलं बाजाराचं गाव पायी कसं पाहावं

लंडन, बाथ, ऑक्सफर्ड पाहून झालं की इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना, आणि मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांना, मार्केट टाउन पाहायची इच्छा होते. लोक गाडीतून उतरतात, चौकातले स्टॉल बघतात, काळ्या-पांढऱ्या घरांसमोर फोटो काढतात, किल्ल्यात एक चक्कर मारतात आणि परततात. घरी आल्यावर आठवतं ते एवढंच, की गाव छान होतं. अशा गावाची रचना कळली तर पाहण्याची मजा कितीतरी वाढते, आणि ती रचना शिकायला लडलोइतकं सोपं ठिकाण क्वचितच मिळेल.

लडलो हे श्रॉपशायर परगण्याच्या दक्षिण टोकाचं, वेल्सच्या सीमेजवळचं, सुमारे दहा हजार वस्तीचं गाव. त्यात जवळपास ५०० इमारती संरक्षित यादीत आहेत. सगळं पाहण्यासारखं साडेतीन-चार किलोमीटरच्या फेरीत येतं. पुढे दिलेला क्रम शक्यतो मोडू नका, कारण गाव ज्या कारणांनी जसं वाढलं ती कारणं याच क्रमाने समोर येतात.

१. निघण्याआधी गावाचा आकार डोक्यात बसवा

एक कागद घ्या आणि पाच रेघा काढा. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण दिवसभर उपयोगी पडतं.

पहिली रेघ टीम नदीची. ती गावाच्या पश्चिमेला कड्याखालून येते, दक्षिणेला वळते आणि पूर्वेकडे निघून जाते. दुसरी कॉर्व्ह नदीची. ती उत्तरेकडून येऊन गावाच्या वायव्येला टीमला मिळते. म्हणजे तीन बाजूंना पाणी आणि मधे टेकडी. लडलो या नावाचा अर्थच ‘गाजणाऱ्या पाण्याकाठची टेकडी’ असा सांगतात.

तिसरी रेघ टेकडीच्या पश्चिम टोकाला, कड्याच्या अगदी काठावर. हा किल्ला. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात द लासी या नॉर्मन सरदार घराण्याने तो बांधायला घेतला. चौथी रेघ किल्ल्याच्या दरवाजातून सरळ पूर्वेला जाते. ही बाजाराची पेठ, म्हणजे हाय स्ट्रीट, आणि ती बुल रिंगपाशी उत्तर-दक्षिण जाणाऱ्या जुन्या रस्त्याला भिडते. पाचवी रेघ म्हणजे या सगळ्याभोवतीचं गावकूस. तेराव्या शतकात बांधलेल्या या भिंतीला सात दरवाजे होते. त्यांतला एकच दरवाजा आज उभा आहे.

पेठेतून दक्षिणेला नदीकडे उतरणारे मिल स्ट्रीट, ब्रॉड स्ट्रीट आणि ओल्ड स्ट्रीट हे तीन रस्ते साधारण समांतर आहेत. बाराव्या शतकात गाव आखून वसवलं गेलं, म्हणून ते असे सरळ आले. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे अरुंद तोंडाचे आणि मागे लांबच लांब जाणारे पट्टे पाडले गेले. पुढे दुकान, वर घर, मागे परसू. आपल्याकडच्या जुन्या पेठांमधली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच ओळखू येईल.

कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २०३ घ्या. त्याचं प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. गावाभोवतीच्या पायवाटा त्यात हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात.

२. बाजाराचा वार पाहून दिवस ठरवा

मार्केट टाउन म्हणजे बाजार भरवण्याचा कायदेशीर हक्क मिळालेलं गाव. मध्ययुगात कोणीही उठून बाजार भरवू शकत नसे. तो हक्क राजाकडून मिळवावा लागे. जुन्या बाजारापासून किती अंतराच्या आत नवा बाजार नको, याचाही हिशेब तेराव्या शतकात मांडला गेला होता: सहा पूर्णांक दोन-तृतीयांश मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. माणूस दिवसात २० मैल चालतो असं धरून त्याचे तीन भाग केले. एक भाग जायला, एक खरेदी-विक्रीला आणि एक उजेडात घरी परतायला. आपल्याकडे शेजारच्या गावांचे आठवडी बाजार वेगवेगळ्या वारी भरतात, त्यामागेही असाच व्यवहार आहे.

लडलोचा खुला बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. पहिल्यांदा जात असाल तर बुधवार किंवा शुक्रवार घ्या. शनिवारी गर्दी होते. मंगळवारी आणि गुरुवारी चौक बराच मोकळा दिसतो. फोटोला ते बरं, पण गावाचा श्वास त्या दिवशी जाणवत नाही. दुपारी तीननंतर विक्रेते आवरायला लागतात, त्यामुळे बाजार सकाळीच पाहून घ्या.

इथे एक चूक हमखास होते. किल्ल्यात वर्षभर कार्यक्रम असतात, सप्टेंबरमधला खाद्यमहोत्सव त्यांतला सर्वांत मोठा. तो १९९५ पासून भरतो. त्या दिवसांत किल्ल्याचं नेहमीचं तिकीट चालत नाही आणि गाव ओसंडून वाहतं. वास्तू पाहायला जायचं असेल तर ते दिवस टाळा, आणि निघण्याआधी किल्ल्याच्या वेळा तपासा. हिवाळ्यात तो लवकर बंद होतो.

३. पोचायचं कसं

श्रूझबरी आणि हेरिफर्ड यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर लडलो स्टेशन आहे. ते १८५२ मध्ये सुरू झालं. मँचेस्टरहून थेट गाडी मिळते. बर्मिंगहॅमहून बहुतेक वेळा श्रूझबरीला गाडी बदलावी लागते, आणि एकूण साधारण दोन तास धरावे. लंडनहून तीन ते साडेतीन तास लागतात. ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सच्या गाड्या या मार्गावर धावतात आणि त्यातली प्रत्येक गाडी लडलोला थांबतेच असं नाही.

लंडनमध्ये बँकेचं कार्ड फाटकावर टेकवून प्रवास करायची सवय लागलेली असते. ती पद्धत इथे चालत नाही. निघण्याआधी पूर्ण प्रवासाचं तिकीट काढा. ‘ॲडव्हान्स’ प्रकारचं तिकीट स्वस्त पडतं, पण ते नेमक्या त्याच गाडीला चालतं. परतीची वेळ नक्की नसेल तर ‘ऑफ-पीक रिटर्न’ घ्या.

भारतातून आलेल्या, वयाची साठी ओलांडलेल्या पाहुण्यांनाही सीनियर रेलकार्ड काढता येतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सवलत मिळत असल्याने दोन-तीन लांबच्या प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल होतात.

उच्चारांचाही घोटाळा होतो. हेरिफर्डकडून येताना आधी येणाऱ्या स्टेशनाच्या पाटीवरचं लांबलचक नाव वाचून लोक ‘लिओमिन्स्टर’ ऐकू येण्याची वाट पाहतात, आणि घोषणा होते ‘लेम्स्टर’. श्रूझबरीला बरेच जण ‘श्रोझबरी’ही म्हणतात. किल्ल्याखालच्या नदीकाठच्या भागाचं नाव डिनहॅम असं लिहिलेलं दिसलं तरी विचारताना ‘डिनम’ म्हणा.

मोटारीने येणार असाल तर ए४९ हा हमरस्ता गावाच्या पूर्वेकडून वळसा घालून जातो. त्याच्या कडेला पार्क-अँड-राइडची सोय आहे. गाडी तिथे ठेवून बसने वर या. दिशा दाखवणारं ॲप कधी कधी गावाच्या दक्षिणेकडच्या लडफर्ड पुलावरून आणि जुन्या वेशीच्या कमानीतून थेट गावात शिरायला सांगतं. पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात आणि कमान जेमतेम एका गाडीच्या रुंदीची आहे. नवख्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये.

४. सोबत काय घ्याल

• रेल्वेचं तिकीट, रेलकार्ड असल्यास ते, आणि चार्ज केलेला फोन.
• तळव्याला पकड असलेले बूट. किल्ल्याचे जिने झिजलेले आहेत आणि नदीकाठची वाट ओल धरते. चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत.
• पाणी-वाऱ्याला टिकणारं जाकीट. छत्री मनोऱ्यावर आणि कड्यावर काही कामाची नाही.
• थोडी सुटी नाणी. चर्चच्या दानपेटीला आणि बाजारातल्या लहान विक्रेत्यांना लागतात.
• छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या.
• पाठीवरची लहान पिशवी. मनोऱ्याचा जिना इतका अरुंद आहे की मोठी पिशवी भिंतीला घासत जाते.

५. स्टेशनपासून कॉर्व्ह स्ट्रीटने वर चढा

स्टेशनबाहेर पडून स्टेशन ड्राइव्हने खाली आलात की कोपऱ्यावर एक सुपरमार्केट लागतं. त्याचं छप्पर लाटेसारखं वळवलेलं आहे, कारण मागच्या टेकड्यांच्या रेषेशी ते जुळावं. तिथून कॉर्व्ह स्ट्रीटला लागा आणि चढ धरा. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. ज्येष्ठ मंडळी असतील तर सावकाश चढा, चढ सलग आहे.

वरच्या टोकाशी फेदर्स ही इमारत दिसेल. काळं लाकूड, पांढरा गिलावा, नक्षीदार पट्ट्या. तिचा दर्शनी भाग १६१९ चा आहे आणि तो रीस जोन्स नावाच्या वकिलाने बांधून घेतला. वकिलाकडे एवढा पैसा कुठून आला, याचं उत्तर किल्ल्यात मिळेल, तोवर प्रश्न लक्षात ठेवा.

अशा घरांना आधी लाकडाचा सांगाडा उभारत. मग मधल्या चौकटी काटक्या विणून आणि त्यावर माती-शेणाचा लेप देऊन भरत. कोकणात कुडाच्या भिंती घालतात ती हीच रीत. लाकूड काळं रंगवायची पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी नंतरची आहे. जुनं ओक वृक्षाचं लाकूड नुसतं ठेवलं तर राखाडी पडतं, आणि तशी घरंही गावात दिसतील.

६. किल्ल्याआधी चर्चच्या मनोऱ्यावर जा

बहुतेक जण सरळ किल्ल्याकडे जातात. तसं करू नका. आधी सेंट लॉरेन्स चर्चचा मनोरा चढा, कारण पहिल्या पायरीत कागदावर काढलेल्या पाच रेघा तिथून खऱ्याखुऱ्या दिसतात.

या चर्चची गंमत अशी, की त्याचा ४१ मीटर उंच मनोरा दूरवरून दिसतो, पण जवळ आल्यावर चर्चच सापडत नाही. चारही बाजूंनी घरांनी ते वेढलं आहे. बुल रिंगवरून किंग स्ट्रीटने बटरक्रॉस या दगडी इमारतीकडे या आणि तिथल्या चिंचोळ्या बोळातून आत वळा. समोर सहा कोनांची देवडी येते. इंग्लंडमध्ये अशा षट्कोनी देवड्या अगदी मोजक्या आहेत.

मनोऱ्याला २०० पायऱ्या आहेत. जिना गोल फिरणारा आणि अंधारा आहे, एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो. गुडघेदुखी, चक्कर किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी खाली थांबावं. त्यांना पाहण्यासारखं खालीही भरपूर आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटक म्हणून फिरता येत नाही.

वर पोचल्यावर पश्चिमेला तोंड करा: पेठेची रेघ, तिच्या टोकाला किल्ला, मागे नदीपलीकडची झाडीने भरलेली व्हिटक्लिफची उतरण. ईशान्येकडच्या बाजूला टिटरस्टोन क्ली नावाची ५३३ मीटर उंचीची टेकडी आणि तिच्या माथ्यावरचे रडारचे पांढरे गोल दिसतात. त्या टेकडीचा माथा काळ्या, कठीण, लाव्हारसातून झालेल्या दगडाचा आहे. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना तो दगड हातात घेतला तर परका वाटणार नाही.

खाली आल्यावर गायकवृंदाच्या जागेतल्या लाकडी आसनांच्या खालची कोरीवकामं पाहा. घडी घालता येणाऱ्या या आसनांना खालून एक छोटं टेकण असतं. लांबलचक प्रार्थनेत उभ्या राहिलेल्यांना टेकता यावं म्हणून ती सोय. अशी २८ आसनं इथे आहेत. एकावर बिशपचा वेश घेतलेला कोल्हा प्रवचन देतो आहे. दुसऱ्यावर खोट्या मापाने बिअर विकणाऱ्या बाईला सैतान उचलून नरकात नेतो आहे. देवघरात हे चित्र का, असा प्रश्न पडेल. बाजारावर जगणाऱ्या गावात माप मारणं हे सर्वांत जवळचं, रोज डोळ्यांसमोर घडणारं पाप होतं. म्हणून ही आसनं चुकवू नका.

चर्च इतकं भव्य का, तर लोकर आणि कापडाचा व्यापार, आणि पामर्स गिल्ड ही इथली श्रीमंत धार्मिक मंडळी. पामर म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून आलेला माणूस. त्यांची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी आत आहे.

७. बाजारचौक आणि मधले बोळ

चर्चमधून बाहेर पडून पश्चिमेला चालू लागलात की चर्च स्ट्रीट, हार्प लेन, मार्केट स्ट्रीट असे अरुंद रस्ते एकमेकांना जवळजवळ चिकटून लागतात. इथे पाच मिनिटं थांबा आणि डोळ्यांसमोरून मधल्या इमारती पुसून टाका. उरतो एकच प्रचंड रुंद रस्ता. मूळची पेठ तेवढी रुंद होती. तिच्या मधोमध विक्रेते पाल ठोकून बसत. पाल रोज सोडायचा कंटाळा आला तेव्हा तिथे टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, दुकानावर मजले चढले. आज ज्याला आपण गल्ल्या म्हणतो त्या म्हणजे त्या दुकानांच्या रांगांमधल्या फटी आहेत. अतिक्रमण पक्कं झालं की त्याला रस्त्याचं नाव मिळतं, हे आपल्याला नवं नाही.

पश्चिम टोकाचा मोकळा भाग म्हणजे कॅसल स्क्वेअर. आजचा बाजार इथे भरतो. इथे विटांचं मोठं व्हिक्टोरियन मार्केट हॉल होतं, ते १९८६ मध्ये पाडलं आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. किल्ल्याच्या दरवाजाशी ठेवलेली तोफ क्रिमियाच्या युद्धातली, सेव्हास्तोपोलहून आणलेली आहे. लडलोच्या इतिहासाशी तिचा तेवढाच संबंध, तेव्हा तिच्यापाशी फार वेळ घालवू नका.

८. किल्ला: काय शोधायचं ते ठरवून आत जा

तिकीट काढून आत गेल्यावर प्रशस्त हिरवळ लागते आणि लोक गोंधळतात, कारण किल्ला कुठे आहे तेच कळत नाही. हे बाहेरचं आवार, ते नंतर वाढवलं. खरा जुना गाभा समोर, कोरड्या खंदकापलीकडे आहे. खंदक खणताना निघालेला दगडच भिंतींना वापरला गेला.

आतल्या आवारात या चार गोष्टी शोधा:

मुख्य बुरूज. हा मुळात किल्ल्याचा दरवाजाच होता. बाराव्या शतकात त्याची कमान बुजवून त्याचा भक्कम बुरूज केला आणि बाजूला नवी वाट पाडली. बुजवलेल्या कमानीची रेघ भिंतीत नीट पाहिलं की दिसते.

गोल चॅपल. सेंट मेरी मॅग्डलीनचं हे बाराव्या शतकातलं चॅपल आज बिनछपराचं उभं आहे. जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चवरून असे गोल आकार घेतले जात. कमानीवरची नागमोडी नक्षी अजून धारदार आहे.

दरबार आणि राहण्याची दालनं. ती चौदाव्या शतकात मॉर्टिमर घराण्याच्या काळात थाटामाटाने वाढली. पुढे राजपुत्र आर्थर आणि आरागॉनची कॅथरीन लग्नानंतर इथे राहायला आले आणि २ एप्रिल १५०२ रोजी वयाच्या पंधराव्या वर्षी आर्थर इथेच वारला. त्याची विधवा पुढे त्याच्या धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची राणी झाली. हेन्रीने ते लग्न मोडायला घेतलं तेव्हा आर्थरबरोबरच्या त्या साडेचार महिन्यांच्या संसारावर कायद्याचा सगळा काथ्याकूट झाला.

आतल्या दरवाजावरची १५८१ सालची राजचिन्हं. पंधराव्या शतकापासून १६८९ पर्यंत वेल्स आणि सीमेवरच्या परगण्यांचा कारभार पाहणारी परिषद इथून चाले. ते न्यायालयही होतं. दावे लढवायला दूरदूरचे पक्षकार येत, त्यांच्यामागे वकील, कारकून, खानावळी. फेदर्ससारख्या घराचा पैसा तिथून आला. १६८९ मध्ये परिषद बंद झाली आणि किल्ल्याची छपरं हळूहळू गेली.

मराठी वाचकाने इथे आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आज हा किल्ला अर्ल ऑफ पोइस यांच्या घराण्याच्या इस्टेटीचा आहे. १८११ मध्ये तो राजसत्तेकडून विकत घेणारा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने हल्ला केला तेव्हा जमिनीवर उतरलेल्या इंग्रज फौजेचं नेतृत्व याच रॉबर्ट क्लाइव्हने केलं होतं. पेशव्यांचं सैन्य त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होतं, हेही विसरता येत नाही. किल्ल्यात लावलेल्या माहितीत विजयदुर्ग शोधू नका. ते संदर्भ आपल्यालाच सोबत न्यावे लागतात.

किल्ल्याला दीड तास द्या. पावसात हिरवळ आणि पायऱ्या घसरड्या होतात, आणि चाकाची खुर्ची वरच्या भागांत नेता येत नाही.

९. डिनमकडे उतरा, नदी ओलांडा

बाहेर येऊन किल्ल्याकडे तोंड करून उभे राहा. डावीकडचा उतार डिनमला जातो. वाटेत डिनम हाउस लागतं. नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन बोनापार्ट १८११ मध्ये इंग्रजांच्या कैदेत असताना काही काळ तिथे राहिला होता. खाली नदीकाठी जुन्या पाणचक्कीची जागा आणि बंधारा आहे. गावाच्या नावातला गाजणारा आवाज इथे ऐकू येतो. धान्य दळणं आणि लोकरीचं कापड पाण्यात कुटून घट्ट करणं, दोन्ही कामं टीमच्या पाण्यावर चालत.

१८२३ चा डिनम पूल ओलांडा. पलीकडून मागे वळून पाहिलं की किल्ला कड्यावर का बांधला ते कोणी सांगावं लागत नाही. पाणी शांत दिसलं तरी मुलांना बंधाऱ्याजवळ उतरू देऊ नका. तिथे पाण्याला ओढ असते, आणि वरच्या वेल्समधल्या डोंगरांत पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं.

पूल ओलांडून डावीकडे ब्रेडवॉक नावाची वाट सुरू होते. नदी डाव्या हाताला, उजवीकडे खडकाळ उतार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेकार मजुरांकडून ती करून घेतली आणि मजुरी पावाच्या रूपात दिली, म्हणून हे नाव. वाट अरुंद आहे, मधे पायऱ्या आहेत, पानगळीत चिखल होतो. लहान मुलांची ढकलगाडी इथे नेऊ नका. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पुलावरून परत फिरावं आणि मिल स्ट्रीटने खाली-वर करून पुढच्या टप्प्याला ब्रॉड स्ट्रीटवर भेटावं. तब्येत ठणठणीत असेल तर ब्रेडवॉकऐवजी व्हिटक्लिफच्या माथ्यावर चढा. गाव, किल्ला, मनोरा आणि मागे टिटरस्टोन क्ली एकाच चौकटीत दिसतात ती जागा हीच.

१०. लडफर्ड: एक पूल आणि ४२ कोटी वर्षांचा दगड

वाट लडफर्ड पुलापाशी संपते. ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, उथळ पाण्यातून चालत पलीकडे जाता येईल अशी जागा. पूल मध्ययुगीन आहे. खांबांवर पुढे आलेले त्रिकोणी कोनाडे आहेत, गाडी आली की पादचाऱ्याने त्यात शिरायचं. १२ ऑक्टोबर १४५९ रोजी गुलाबांच्या युद्धात, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराण्यांत चाललेल्या लढायांत, इथे फौजा समोरासमोर आल्या, पण यॉर्कचा ड्यूक रिचर्ड रात्रीतून निसटला आणि राजाच्या सैन्याने गाव लुटलं.

पुलाच्या दक्षिणेला, रस्त्याच्या कोपऱ्यावर खडकाचा एक उघडा काप आहे. दिसायला अगदी साधा. १८३० च्या दशकात रॉडरिक मर्चिसन या भूगर्भशास्त्रज्ञाने पृथ्वीच्या इतिहासातल्या सिल्युरियन कालखंडाची मांडणी केली तेव्हा इथल्या खडकांचा मोठा आधार घेतला, आणि त्या कालखंडाच्या एका भागाला आजही जगभर लडलो हेच नाव आहे. इथल्या ‘बोन बेड’ नावाच्या पातळ थरात आदिम माशांच्या खवल्यांचे अवशेष दाटीने सापडतात. जमिनीवर राहणाऱ्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी काहींचे अवशेषही इथून मिळाले. वय सुमारे ४२ कोटी वर्षं. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या घरातला आहे, यावरून अंदाज येईल. जागा कायद्याने संरक्षित आहे. हातोडी मारणं, तुकडा काढणं, पडलेला खडा खिशात घालणं, काहीही करू नका.

११. वेशीतून आत

पूल ओलांडून लोअर ब्रॉड स्ट्रीटने चढा. इथली घरं लहान आणि एकमेकांना टेकलेली आहेत. गिरण्यांत राबणारी माणसं वेशीबाहेर राहत. समोर ब्रॉड गेट येतं, उरलेली एकुलती वेस. दोन गोल बुरूज तेराव्या शतकातले, आणि वर चक्क राहतं घर, अठराव्या शतकात घातलेलं. कमानीत शिरल्यावर भिंतीतली उभी खाच पाहा, वरून सोडायचं लोखंडी जाळीचं दार त्या खाचेतून सरकत असे. फूटपाथ चिंचोळा आहे, गाडी येत नाही ना ते पाहून मगच थांबा.

आत पाऊल टाकलं की रस्ता एकदम रुंदावतो. विटांची, मोठ्या खिडक्यांची, शिस्तबद्ध घरं. यातली अनेक घरं आतून लाकडी सांगाड्याचीच आहेत. अठराव्या शतकात जमीनदार घराणी इथे हंगामापुरती राहू लागली आणि जुन्या घरांना नव्या फॅशनचं विटांचं तोंड लावलं गेलं. ओळखायची युक्ती सोपी आहे: बाजूच्या बोळात शिरून घराची कड पाहा. पुढे वीट, मागे तिरकं जुनं लाकूड आणि वाकलेलं छप्पर दिसेल.

रस्त्याच्या माथ्यावर बटरक्रॉस आहे. विल्यम बेकरने १७४० च्या दशकात बांधलेली ही दगडी इमारत. खालच्या खांबांच्या सावलीत शेतकरी बायका लोणी विकत, आणि वर एकेकाळी गरीब मुलांची शाळा भरे. आता तिथे गावाचं छोटं संग्रहालय आहे. ते रोज उघडं नसतं.

१२. खाणं, आणि शाकाहाऱ्यांसाठी सूचना

लडलोची ख्याती खाण्यासाठी आहे, पण शाकाहारी माणसाने नावावरून काही गृहीत धरू नये. ‘फिजिट पाय’मध्ये सफरचंद आणि कांदा असतो, आणि डुकराचं मांसही. पायच्या कवचात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते, म्हणून सारणाबरोबर कवचाबद्दलही विचारा. चीज घेताना ते शाकाहारी रेनेटचं (दूध घट्ट करणाऱ्या विरजणाचं) आहे का, हे विक्रेत्याला विचारलं तर तो आनंदाने सांगतो. ताजा पाव, स्थानिक चीज आणि बाजारातली सफरचंदं घेऊन डिनमच्या हिरवळीवर बसणं हा सर्वांत स्वस्त आणि चांगला बेत.

बऱ्याच उपाहारगृहांची दुपारच्या जेवणाची वेळ दोन-अडीचला संपते आणि दुकानं पाचच्या सुमारास मिटतात. त्यामुळे सकाळी दहाला पोचा, मनोरा आणि बाजार एकपर्यंत उरका, मग जेवून किल्ला, नदी आणि वेस. बटरक्रॉसपासून स्टेशन उताराचं, दहा-बारा मिनिटांचं चालणं आहे. संध्याकाळी गाड्या विरळ होतात, तेव्हा परतीच्या गाडीनंतरची गाडी कधी आहे तेही सकाळीच लिहून ठेवा.